नव्या तलवारीचं जुनं नाव

९ नोव्हेंबर २००३, रोहा

पेणचे लोक पाहून गेले. पसंती! चौतिसाव्या वर्षी पोह्यांची बशी घेऊन समोर जावं लागलं. पोहे आईने केले होते, मीठ घालायला विसरली. मुलाने (एक्केचाळीस वर्षांचा मुलगा!) सगळे खाल्ले, चकार शब्द काढला नाही. दिनानाथ. आधी नेव्हीत होता, आता डोलवीला कंपनीत. पहिली बायको मैना काविळीने वारली. मूलबाळ नाही.

निघताना त्याची आई हौसाबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "आमच्यात दुसरेपणाची आली का तिला पयलीचंच नाव ठेवतात. म्हंजे तू मैना." एसटीची वेळ सांगावी तसं!

१० नोव्हेंबर

राग गेलेला नाही. कंपनीत पॅकिंगला बसले तरी राग. मी चंद्रावती आहे. नाव जुनाट, कंपनीच्या बिल्ल्यावर मावतही नाही, पण माझं आहे.

आईला सांगितलं तर म्हणते, "तुला तरी कुठं कोरं नाव मिळालंय गो? बाबाच्या आयशीचंच हाय ते." खरं आहे. पण आजीच्या नावाबरोबर तिचा नवरा कुणी माझ्या गळ्यात बांधला नव्हता!

१६ नोव्हेंबर

वडखळ नाक्यावर भेटलो, हॉटेलात. सरळच विचारलं — नाव बदलायलाच हवं का?

त्याने आधी चहा संपवला. मग म्हणाला, नेव्हीत तो 'तलवार'वर होता. जहाज म्हातारं झालं, मोडीत गेलं. पण नाव मोडीत काढत नाहीत. यंदा रशियाहून नवं जहाज आलं, तेही 'तलवार'च. 'खुकरी', 'कृपाण', 'कुठार' — सगळी दुसऱ्या खेपेची. सगळा हत्यारांचाच कारभार.

"मान असतो तो," म्हणाला.

"मैनाचा?"

"व्हय."

मला राग यायला हवा होता. मेलेल्या बायकोचा मान राखणारा माणूस वाईट कसा म्हणायचा? मला तो आवडलाय. हीच पंचाईत.

२३ नोव्हेंबर

पत्रिका छापून आल्या. चि. सौ. कां. चंद्रावती. माझा भाऊ केरूदादा म्हणाला, "लग्नापर्यंत चालतं तेच."

३० नोव्हेंबर

पुन्हा वडखळ. मनाशी ठरवूनच गेले — नाव जाणार असेल तर लग्न नको. घरी कुणाला बोलले नव्हते. पण समोर बसल्यावर तोंडातून भलतंच आलं: "तुम्ही नवी तलवार पाहिलीत?"

पाहिली म्हणे. ओळखीच्या साहेबाने मुंबईला जहाजावर नेलं. लांबलचक, चकचकीत, मिसाइलं वगैरे. पण आत शिरल्यावर पाय आपोआप जुन्या जिन्याकडे वळले. तिथे जिनाच नव्हता! डोकं आपटलं. टेंगूळ घेऊन घरी आला.

बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "जहाज झ्याक हाय. माझं नाय वाटलं."

"मला मैना म्हणालात तर रोज टेंगूळ येईल," मी म्हटलं.

हसला! पहिल्यांदाच. नंतर डोळे पुसले. "आयेला मी बघतो," म्हणाला. लग्न मोडायचं मी विसरूनच गेले.

७ डिसेंबर, पेण

लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायची वेळ आली. सासूबाई डोक्यावर उभ्या. "मैना लिव रं."

त्याने लिहिलं — चंद्रावती. ताट पुरेना, 'ती' पार काठावर चढली. सासूबाईंचं तोंड आंबट झालं, पण पेढा त्यांनीच भरवला. मी जिंकले! रडूही आलं. सगळ्यांना वाटलं, माहेरासाठी.

२१ डिसेंबर

हे शिफ्टवरून आले. मोरीत पाय धुता धुता हाक मारली, "मैना, टॉवेल!"

मी 'ओ' दिली. टॉवेल हातात दिला, तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं.