कसारा चढायचा, माळशेज उतरायचा

१ डिसेंबर, रविवार
ठरलं. आता माघार नाही. कसारा घाट चढायचा, मग घोटी, राजूर, कोतूळ, ओतूर. तिथून माळशेज उतरून मुरबाडमार्गे परत. कळवा ते कळवा. तीनशेच्या वर किलोमीटर, दोन दिवस. तारीख २८-२९ डिसेंबर. वय शेहेचाळीस, पण ते कागदावर.
उद्देश : फिटनेस.
ओतूर सोडलं की करंजवाडी लागते, म्हणजे आमचं गाव. तिथे आई एकटी राहते. मेमध्ये तिला कळव्याला कायमची ये म्हटलं, तर नाही म्हणाली. मी म्हणालो, मग बस त्या कोंबड्यांबरोबर. बोलायला नको होतं. तेव्हापासून फोनवर फक्त जेवलीस का आणि सान्वीचा अभ्यास. सायकलवरून घामाघूम होऊन दारात उभा राहिलो की वेगळं सॉरी म्हणायची गरज नाही. माणूस एवढे घाट ओलांडून आला, यात सगळं आलं.
दर्शना म्हणाली, कल्याणहून एसटी आहे, तीन तासांत पोचाल. बायकोला थ्रिल कळत नाही.
आईला सांगायचं नाही. सरप्राइज.

४ डिसेंबर, बुधवार
सायकल आली. एकवीस गिअर. सान्वीने विचारलं, पप्पा, एवढे कशाला? म्हटलं, घाटात कळेल. मला स्वतःला तीन कळलेत. बाकीचे हळूहळू.
खाली विश्राम भेटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. यंदा नगरसेवकाचं तिकीट मिळणारच, असं तो सहा वर्षं म्हणतोय. त्याने रूट विचारला. मी कागदावर सगळी गावं लिहून दिली, करंजवाडीसकट. मग फोटो मागितला. तोही दिला. कशाला ते विचारायचं राहिलं.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी १०
पहिली ट्रायल. कळवा ते बाळकुम. खाडीपुलाच्या चढावर उतरलो आणि चालत गेलो. टायरमधली हवा चेक करायची होती. पूल संपेपर्यंत चेक केली.
दूधवाला पुढे गेला. दोन कॅन लावून. त्याला रोजची सवय आहे, तुलना चुकीची.
बाळकुमला दोन वडापाव. कार्ब लोडिंग. परत येताना टेम्पो मिळाला. टेम्पोवाला ओळखीचा निघाला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ डिसेंबर
बसता येत नाही. वागळे इस्टेटला ऑफिसात उभ्यानेच फायली बघितल्या. साहेब म्हणाले, परचेस डिपार्टमेंटमध्ये एवढा उत्साह पहिल्यांदाच बघतोय.

१५ डिसेंबर, रविवार
एक्सेल शीट तयार. दर दहा किलोमीटरला एक ओळ. पाणी, केळी, चिक्की, सरासरी वेग. कसारा घाट : पन्नास मिनिटं. करंजवाडीत पोच : रविवारी सकाळी ११. आईकडे थांबणार दोन तास. त्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. 'विश्रांती' लिहिलं.
ऑफिसातल्या सर्वेशला शीट पाठवली. हा डोंबिवलीला राहतो, खरोखर सायकल चालवतो. म्हणाला, आधी महिनाभर रोज बाळकुमला जा-ये कर, मग घाटाचं बघू. लोकांना दुसऱ्याचं बघवत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार
गुडघा. विश्रांतीसुद्धा ट्रेनिंगच असते, कुठेतरी वाचलेलं. मी आता तेरा दिवस सलग ट्रेनिंग करतोय.

२४ डिसेंबर
सायकलिंगची चड्डी आली. घालून हॉलमध्ये आलो. दर्शनाने सान्वीला आत पाठवलं. म्हणाली, हिच्यावर लांब शर्ट घातल्याशिवाय गेटच्या बाहेर जायचं नाही.
मग चहा देताना म्हणाली, आईंना एक फोन करा ना सरळ. मी म्हटलं, २९ला समोरासमोरच. तिने कप उचलला. कप उचलण्याची तिची एक पद्धत आहे.

२८ डिसेंबर, शनिवार. पहाटे ४.४०
निघालो. सान्वी खाली सोडायला आलेली. डोळे चोळत म्हणाली, पप्पा, आजीला माझा पापा द्या. म्हटलं, नक्की.
गेटवर बघतो तर फ्लेक्स. आठ बाय दहा. 'कसारा-घोटी-राजूर-कोतूळ-ओतूर-करंजवाडी-माळशेज सायकल मोहीम यशस्वी केल्याबद्दल आमचे मित्र श्री. प्रफुल्लजी यांचे हार्दिक अभिनंदन!' माझा पासपोर्ट फोटो, त्यावर कॉम्प्युटरने चढवलेलं हेल्मेट. विश्रामचा फोटो माझ्या चौपट, गॉगलसकट.
विश्रामला फोन लावला. झोपेत होता. म्हटलं, अरे, मी अजून गेलो नाही! म्हणाला, शनिवार-रविवार प्रिंटिंगवाला बंद असतो रे, म्हणून आधीच लावून घेतला. तू येशील तेव्हा तयार पाहिजे ना. आणि तू काय अर्ध्यातून परत येणार आहेस?

त्याच दिवशी. ९.४०
डोंबिवली. सर्वेशच्या सोफ्यावर.
शिळफाट्यापर्यंत उत्तम. मग चेन पडली. बसवली. परत पडली. मग मी पडलो. फार नाही, कोपर. पुढे माणसाने स्वतःच्या शरीराचं ऐकावं म्हणतात, आणि माझं शरीर तर ओरडत होतं. सर्वेशच्या बायकोने, योगिनीने, हळद लावली आणि पोहे दिले.
घरी जाऊ कसा? गेटवर मी यशस्वी झालोय!

२८, संध्याकाळ
फोन बंद ठेवलाय. घाटात रेंज नसते. सर्वेश म्हणाला, घरी जा रे, हसतील दोन दिवस. म्हटलं, हा बेस कॅम्प समज. मोठमोठे गिर्यारोहक हवामानासाठी थांबतात. सर्वेश म्हणाला, हवा चांगली आहे.

२९ डिसेंबर, रविवार. सकाळी ११
शीटप्रमाणे मी आत्ता करंजवाडीत आहे. दोन तास, 'विश्रांती'.
योगिनीने डोसे केलेले. गेले नाहीत.

२९, रात्री ८
परत आलो. विश्राम गेटवर हार घेऊन. पाच-सहा जण टाळ्या वाजवत होते. मान खाली घातली, तर विश्राम म्हणाला, बघा, किती नम्र माणूस! कोपराचं खरचटलेलं बघून दुसऱ्या मजल्यावरच्या कांतावहिनी म्हणाल्या, घाट म्हणजे काही खेळ नाही.
मी खोटं बोललेलो नाही. बोललोच नाही.
वर आलो. दर्शनाने विचारलं, योगिनीच्या सोफ्याला स्प्रिंग आहे का अजून? हिला शनिवारी सकाळीच योगिनीचा फोन आलेला! सान्वीला काही सांगितलेलं नाही. म्हणाली, ते तुम्ही सांगायचं.

१ जानेवारी
संकल्प : सान्वीला खरं सांगणे. विश्रामला सांगून फ्लेक्स उतरवणे. आईला फोन.
सान्वीने शाळेसाठी 'माझे बाबा' निबंध लिहिलाय. दोन पानं. माळशेजची चौदा वळणं त्यात आहेत. कुठून आणली कोण जाणे.
संकल्प उद्यापासून.

२ जानेवारी
विश्राम म्हणाला, फ्लेक्स कशाला उतरवतोस, रविवारी तुझा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. मला धाप लागली. सायकल न चालवता.

४ जानेवारी, शनिवार. दुपारी ३
लगेच लिहून ठेवतो.
बारा वाजता बेल वाजली. दारात आई. पांढरी नऊवारी, डोक्यावर पदर, हातात गोणपाटाची पिशवी. पहाटेच्या एसटीने एकटी माळशेज उतरून आलेली, कल्याणला उतरून विचारत विचारत कळव्याला. आत आली, पाणी प्यायली नाही. उभीच राहिली.
म्हणाली, शेजारच्या राघोनं मोबाइलवर आलेला तुझा बोर्ड दाखवला. वाचून बी दाखवला. करंजवाडीवरनं गेलास म्हनं. माझ्या दारावरनं गेलास अन् तांब्याभर पानी मागायला बी थांबला न्हाईस? एवढा राग?
आईचा आवाज असा कधी ऐकलेला नाही. बाबा गेले तेव्हापण नाही.
सान्वी म्हणाली, आजी, पप्पांनी माझा पापा नाही दिला तुला?
दर्शना भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी फ्लेक्सचा विचार केला. सत्काराचा केला. निबंधाचा केला. आणि म्हणालो, आई, मी गेलोच नाही गं. डोंबिवलीला होतो. सोफ्यावर. दोन दिवस.
आई खाली बसली. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, डोंबिवलीच व्हय? मला मेलीला वाटलं, लेक तुटला.
मग पाणी मागितलं.
मी म्हणालो, कोंबड्यांचं बोललो ते चुकलं. ती म्हणाली, कोंबड्या काय म्हनत न्हाईत. पिशवीतून बाजरीच्या भाकरी काढल्या. चुरा झालेला, पण मी तीन खाल्ल्या.
सान्वी खोलीत जाऊन बसली. दार बंद. निबंध फाडल्याचा आवाज आला. दोनदा दार वाजवलं.

४, संध्याकाळ
सत्कार कॅन्सल. विश्रामला खरं सांगितलं. म्हणाला, फ्लेक्सवरचा माझा फोटो कापून ठेव, दुसरीकडे चालेल.
आई उद्याच निघायचं म्हणते, कोंबड्या शेजारी सोपवल्यात. म्हणाली, सोडायला येतोस का? तेवढाच तुझा घाट हुईल.
सान्वी बाहेर आली. म्हणाली, मी पण येते. लक्ष ठेवायला.

५ जानेवारी, रविवार. एसटीत
मुरबाड गेलं. टोकावड्याला चहा. चढ सुरू झाला. सान्वी खिडकीशी वळणं मोजतेय, मी वहीत लिहितोय. खरं तर माळशेज चढायलाच जास्त कठीण, हे आत्ता लक्षात येतंय. पुढच्या वर्षी उलट्या दिशेने

नंतर. घाटमाथा
चौथ्या वळणावर उलटी झाली. सान्वीने खिडकी सोडली, आईने पाठ चोळली, कनवटीतून लिंबू काढून दिलं. ते घरूनच घेऊन निघालेली. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून विचारलं, पोराला गाडी लागते का हो?
आई म्हणाली, ल्हानपनापासनं. घाट सोसत न्हाई त्याला.