बिनमुळाची अळंबी

प्रिय आई,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि हात अडला. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. वन्सं पनवेलहून आल्यात. दुपारी नारळ खवताना म्हणाल्या, "आईचे डोळेच वैरी झाले. दिसत नव्हतं तर कशाला गेली अळंबी खुडायला?" मी मान वर केली नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलाच नव्हतात. मी गेले होते.

सतरा वर्षं तुम्ही मला 'घाटावरची' म्हणालात. ताजा बोंबील ओळखायला शिकले, तरी घाटावरचीच. त्या श्रावणात तुमचे गुडघे धरले, म्हणून पहिल्यांदा मला एकटीला अळंबीसाठी वाडीमागच्या वारुळावर धाडलंत. किती मिरवत गेले मी! येताना चार पावलांवर काजूखाली आणखी पांढऱ्या छत्र्या दिसल्या. त्यांना मूळ नव्हतं. तुटून मातीत राहिलं असेल म्हटलं आणि त्याही ओच्यात घातल्या.

तुम्ही सांगितलं होतंत, "दोऱ्यात ओव, चुलीवर टांग, पन मूळ तोडू नको." वारुळाच्या अळंबीला उंदराच्या शेपटासारखं लांब मूळ असतं. सुकल्यावर सगळ्या छत्र्या सारख्याच काळपट आणि चामट होतात, मग ओळख उरते ती मुळाचीच. पण आदल्या वर्षी वन्संनी मातकट मुळांना नाक मुरडलं होतं. मला त्यांच्यासाठी दुकानातल्यासारखं स्वच्छ पाकीट करायचं होतं. कात्री घेऊन सगळी मुळं कापली. दोन आठवडे माळा धुरावर टांगल्या, ऊन पडलं की सुपात घालून अंगणात नेल्या. कुरकुरीत झाल्यावर बरणीत भरल्या. माझ्या हातची पहिली साठवण.

मार्गशीर्षात घरात मासळी बंद झाली तेव्हा बरणी उघडली. गरम पाण्यात भिजवलेली अळंबी तुम्ही बोटांनी चाचपलीत.

"मुळं कुठं गेली गो?"

"मीच कापली. स्वच्छ दिसायला."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण एवढंच म्हणालात, "मग पयला मी खाईन. तुम्ही उद्या खा."

"मी चाखते ना, आई."

"तुजी पोरं ल्हान हायेत."

का जेवलात? तो टोप उकिरड्यावर ओतला असता तर काय बिघडलं असतं? घाटावरचीचं मन राखायला जेवलात ना? माझ्या मनाची एवढी किंमत होती, तर सतरा वर्षांत एकदा तोंडाने सांगायचंत. मी ऐकून सुखावले असते आणि तुम्ही आज ओटीवर बसून सुपारी कातरत असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. मध्ये एक दिवस बरं वाटलं, पेज मागून घेतलीत, आणि मी देवापुढे साखर ठेवली. मग डोळे पिवळे झाले. अलिबागला डॉक्टरांनी विचारलं, अळंबी कुणी आणली? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच खुडली, मीच सुकवली." माझा हात तुमच्या हातात होता. तो तुम्ही दाबलात. मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

बरणीत उरलेली अळंबी आणि वन्संचं पाकीट मी चुलीत घातलं. पण खोटं जळलं नाही. तुमच्या लेकाने फावडं घेतलं आणि ते वारूळ जमीनदोस्त केलं. तीन पिढ्यांना जेवू घालणारं वारूळ, त्याचा काय दोष होता? मी पडवीत उभी राहून बघत होते. गावात आता तुमचं नाव निघतं ते म्हातारी कशी चुकली एवढं सांगायला. रानातली प्रत्येक अळंबी बोटाने ओळखणारी बाई तुम्ही! आई, तुम्ही मला झाकलंत, आणि मी वर्षभर त्या पांघरुणात निवांत झोपले. खरं तर निवांत नाही. पण झोपले.

उद्या सगळे जमतील. पानं मांडली जातील. कुणी जेवायला बसायच्या आत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, काजूखालच्या छत्र्या आणि ती कात्री, दोन्ही. हे कदाचित माझ्याशी बोलणार नाहीत. वन्सं उठून जातील. पोरं ऐकतील, आणि तेच मला सर्वांत जड जाणार आहे. तुम्ही म्हणाल, "गप बस गो." नाही बसणार.

या वेळी पहिला घास माझा.

तुमची,
घाटावरची