खुणेची आर्या

बेळगांव, ता. ३ मार्च १९३६

ती. सौ. आक्कास,

आनंदाचे सा. न. वि. वि.

तुमच्या निपाणीची बातमी ऐकली. पुरुषमाणूस गावाला गेलेलं घर हेरायचं, यजमानांना अपघात झालाय, खर्चाला सोनं मागितलंय असं सांगून दागिने लांबवायचे, असं दोन घरी झालं म्हणे. आमचे दाजी तर खटल्यासाठी सारखे चिकोडीला, आणि बेबीच्या लग्नाचे दागिने तुझ्या कपाटात!

म्हणून मी खुणेची एक आर्या रचून सोबत पाठवली आहे. बाहेरच्यानं ती बिनचूक म्हटल्याखेरीज कडी काढू नकोस, मग दारात मी असलो तरी. विनोदिनीचं म्हणणं, एक शब्द पुरे होता. पण बायकोला कसं कळावं, एका शब्दात वकिलाची प्रतिभा मावत नाही.

तुझा,
आनंद

निपाणी, ता. २१ मार्च १९३६

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

तुझी आर्या लई अवघड रं. ह्यांची गाडी चौथ्या शब्दाला अडते. मग मी आतून ओरडून पुढचं सांगते, हे बाहेरून ओरडून म्हणतात. मागल्या रविवारी तू स्वतःच अडलास आणि उन्हात छत्री धरून कट्ट्यावर बसलास, ते साऱ्या गल्लीनं बघितलंय.

काल हे चिकोडीला गेलते. दुपारी एक अनोळखी माणूस आला. मोटार उलटली, ह्यांची मांडी मोडली, दवाखान्यासाठी दागिने मागितलेत म्हणाला, आणि घडाघडा आर्या म्हटली. मी दाराकडं धावले. हात कडीवर होता. मग वाटलं, ज्यांना स्वतःला येत न्हाय, त्यांनी ह्याला अख्खी शिकवली कधी? दागिने बांधते, बसा म्हटलं आणि मागल्या दारानं शेजारच्या नागोजीआप्पांना बोलावलं. त्यांनी त्याला कट्ट्यावरच धरला आणि फौजदारांच्या हवाली केला. समोरच्या पानाच्या दुकानात बसून आमचा रोजचा आरडाओरडा ऐकून पाठ केलती म्हणे.

संध्याकाळी हे आले, धडधाकट, आणि चौथ्या शब्दाला अडले. मी रडतच दार उघडलं.

मला शहाणी म्हणू नकोस, कडी अर्धी निघालीच होती. आता पुढं काय करायचं ते सांग.

तुझी,
आक्का

बेळगांव, ता. २४ मार्च १९३६

ती. सौ. आक्कास,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी देवाला हात जोडले. रस्त्यावरून ओरडून सांगायची खूण गुप्त राहील असं मानणारा वकील तुझ्या नशिबी भाऊ म्हणून आला, त्याला इलाज नाही.

आर्या बंद. यापुढे कुणीही कसलीही बातमी आणो, सोन्याचं नाव निघालं की दार बंदच ठेवून आधी नागोजीआप्पांना बोलवायचं. घाबरलेल्या जिवाला तेवढंच जमतं, आणि तुला ते मी न सांगता जमलं.

विनोदिनी कालपासून हसते आहे. माझं दुःख कुणाला सांगू? माझं काव्य बिनचूक पाठ करणारा जन्मात एकच रसिक भेटला, आणि त्याला फौजदारांनी नेलं.

आहे तो लोभ कवितेपायी उणा करू नये, ही विनंती.

तुझा,
आनंद