एकशे सत्तावीस क्रमांकाच्या टाळ्या

ती. आत्या,

नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते. (धरून चालणं माझ्या स्वभावात नाही, पण पाच महिन्यांत तुझा फोन नाही, त्यामुळे दुसरी माहिती उपलब्ध नाही.) गेल्या रविवारच्या कार्यक्रमाबद्दल तुझ्यापर्यंत काहीबाही पोचलं असेलच. बाबांच्या खांद्याला गोळी चाटून गेली, इथवर गोष्ट वाढल्याचं आई सांगते. म्हणून जे घडलं ते आधी क्रमाने, तिखटमीठ न लावता लिहिते.

१. कर्णयंत्रांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. वेळ सकाळी अकरा. श्रोते चाळीस, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांना तासाभरापूर्वीच नवी कर्णयंत्रं लावलेली.
२. बाबा गायले. साथीला तुझ्या जागी यंत्र होतं. यंत्र मी लावलं होतं.
३. पहिल्या गाण्यात समुद्राच्या जागी पाखरं ओरडली.
४. दुसऱ्या गाण्यात पाखरांच्या जागी टेलिफोन वाजला. नऊ वेळा.
५. तिसऱ्यात टेलिफोनच्या जागी हेलिकॉप्टर आलं.
६. चौथ्या गाण्याच्या शेवटी टाळ्यांच्या जागी गोळीबार झाला. चोवीस गोळ्या.
७. जखमी कोणी नाही. एक खुर्ची मोडली.

आता कारण. साथीसाठी यंत्राला देतात ती मिडी फाइल म्हणजे आवाज नव्हे, नुसत्या सूचना असतात: अमुक क्रमांकाचं वाद्य, अमुक सूर, इतका वेळ. आवाज काढायचं काम यंत्राचं. वाद्यांची ठरलेली यादी असते, एकशे अठ्ठावीस नगांची. सुरुवातीला पियानो वगैरे सभ्य मंडळी आहेत, पण शेवटी शेवटी यादी करणाऱ्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिथे ओळीने समुद्र, पाखरू, टेलिफोन, हेलिकॉप्टर, टाळ्या आणि बंदूक असे बसलेत. माझं घरचं यंत्र ही यादी एकपासून मोजतं. त्यात टाळ्या एकशे सत्तावीस. दुकानदाराने भाड्याने आणलेलं यंत्र शून्यापासून मोजत होतं. मी घरच्या यादीतले आकडे त्यात हाताने भरले आणि प्रत्येक आवाज एक घर पुढे सरकला. तू म्हणशील, शिकलेल्या मुलीला एवढं कळू नये? मी दिवसभर लिफ्टची नियंत्रणं तपासते. तळमजल्याला शून्य म्हणायचं की एक, हे बघितल्याशिवाय लिफ्टला हात लावायचा नाही, असा फलक माझ्या टेबलासमोर आहे. तो मीच लिहिलाय. तेव्हा चूक माझी, पूर्ण माझी, आणि या वाक्यापुढे कंस नाही.

टाळ्या मुळात हव्यात कशाला, तर ती बाबांची कल्पना. (टाळ्यांना सुरुवात करायला लोक लाजतात, एकदा कोणी सुरू केलं की थांबत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत आहे.) शेवटच्या गाण्याला थोड्या टाळ्या भर म्हणाले. एकाच सुराच्या टाळ्या फार विरळ, सरकारी सत्कारासारख्या वाटत होत्या, म्हणून त्या दाट करायला मी चोवीस सूर मागेपुढे पेरले. नीटनेटकेपणाचा असाही तोटा असतो.

पहिल्या गाण्याआधी बाबा नेहमीप्रमाणे बोलले, "डोळे मिटा मंडळी, आता समुद्राची गाज ऐका." मंडळींनी डोळे मिटले आणि पाखरं ऐकली. कित्येक वर्षांनी प्रथमच धड ऐकू येत असलेला माणूस लगेच तक्रार करत नाही. समुद्र असाच वाजत असेल, आपल्यालाच इतकी वर्षं माहीत नव्हतं, असं त्याला वाटतं. दुसऱ्या गाण्याला बाबा म्हणाले, "आता पहाटेची पाखरं," आणि टेलिफोन वाजला. चाळीस माणसांनी एकदम खिसे आणि पिशव्या चाचपल्या. पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी फोन कानाला लावून "कार्यक्रमात आहे, मागाहून करा" असं सांगितलं. पुढच्या ओळीला तो परत वाजला. त्यांनी फोन बंद केला. तरी वाजला. त्यांनी फोनची बॅटरी काढून शेजारणीच्या हातात दिली. तरी वाजला. मग त्यांनी कर्णयंत्र काढलं, आणि आवाज बंद झाला. दोष कर्णयंत्रात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या अनुमानात मला आजही तर्काची चूक सापडत नाही. निष्कर्ष त्यांनी शेजारणीला सांगितला, म्हणजे यंत्राविना सांगितला, म्हणजे दुकानभर सांगितला. दुकानदार हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन रांगारांगांतून पळत होता आणि "काढू नका हो, मी बारीक करतो, काढू नका" म्हणत होता. ज्यांनी काढली होती त्यांना ते ऐकू येत नव्हतं.

टेलिफोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा एक घर सरकल्याचं माझ्या लक्षात आलं. त्याबरोबर हेही लक्षात आलं की पुढे हेलिकॉप्टर आहे आणि शेवटी काय आहे. माझ्या हातात साधारण अकरा मिनिटं होती. यंत्र बंद का केलं नाहीस, असं आईने विचारलं, तू पण विचारशील. चारही गाणी एकाला एक जोडलेली होती आणि मध्ये आकडे बदलता येत नव्हते. बंद करता आलं असतं. पण बाबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "काहीही झालं तरी थांबायचं नाही. थांबणाऱ्यांचा काळ गेला." हे वाक्य कोणाला उद्देशून होतं ते तुला कळेल. मलाही कळलं होतं, तरी मी मान डोलावली होती.

शेवटी मी चिठ्ठी लिहिली: "शेवटी गोळीबार होणार आहे." हेलिकॉप्टर चालू असताना (सगळे छताकडे बघत होते, दुकानदार बाहेर जाऊन आभाळ बघून आला) ती बाबांच्या हातात दिली. बाबांचा चष्मा घरी होता. स्टेजवर कोणी चिठ्ठी दिली की ती फर्माईशच असते, असं तीस वर्षांचं वळण. त्यांनी चिठ्ठी हात लांब करून वाचली आणि माइकवर म्हणाले, "शेवटी गोळीबार... हे गाणं बसवलेलं नाही. क्षमा असावी." आणि चौथं गाणं सुरू केलं.

ते त्यांनी चांगलं म्हटलं. शेवटचा सूर लावला, हात जोडले, आणि फैरी सुरू झाल्या. तोवर चाळीसपैकी एकतीस जणांनी यंत्रं काढलेली होती. त्यांना फक्त एक गायक वाकताना दिसला. त्यांनी शांतपणे टाळ्या वाजवल्या. उरलेले नऊ जण आणि दुकानदार खुर्च्यांखाली होते. खालून वर बघितलं तर गोळीबार चालू आहे आणि वरची माणसं टाळ्या वाजवताहेत, असं ते दृश्य होतं. बाबा जागचे हलले नाहीत. धैर्य म्हणून नव्हे. टाळ्या चालू असताना ते कधीच हलत नाहीत. आई म्हणाली, "यांना खरी गोळी लागली असती ना, तरी आधी अंतरा पुरा केला असता, मग पडले असते." त्या नऊ जणांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या खुर्चीखालून बाहेर आल्या, साडी झटकली आणि दुकानदाराला म्हणाल्या, "यंत्र उत्तम आहे. मला चोवीस ऐकू आल्या." तो दिवसभरातला एकमेव समाधानी ग्राहक.

बाकीचे एकतीस जण यंत्रं काउंटरवर ठेवून निघून गेले, ते परत आलेले नाहीत. दुकानदार दुसऱ्या दिवशी घरी आला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "गायक सांगतो पाखरू, कान सांगतो टेलिफोन. माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? त्यांनी तुमच्यावर ठेवला." तीच चार गाणी, त्याच लोकांसमोर, जे सांगाल तेच ऐकू येईल अशी पुन्हा म्हणा, नाहीतर ही माणसं मरेपर्यंत कानाला काही लावणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. बाबांनी शब्द दिला. कार्यक्रम पुढच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता आहे.

तुला खरी हकिकत कळावी, एवढाच या पत्राचा हेतू. दुसरा नाही.

तुझी भाची

ता. क. आकडे मी दुरुस्त केलेत. चार मिनिटांचं काम होतं. आता समुद्राच्या जागी समुद्र आहे, टाळ्यांच्या जागी टाळ्या. म्हणजे वरच्या कुठल्याही कारणासाठी तुझी गरज नाही, हे स्पष्ट करते.

ता. क. दोन. दुरुस्त फाइलवर काल बाहेरच्या खोलीत तालीम घेतली. पहिल्या गाण्यात दोन ओळी झाल्यावर बाबा पुढचा शब्द विसरले आणि डावीकडे बघत उभे राहिले. डावीकडे कपाट आहे. यंत्र पुढे गेलं, पूर्ण गाणं वाजवून झालं, आणि पुढची तीनही. शेवटी त्याने टाळ्याही वाजवल्या. बाबांनी सवयीने हात जोडले, मग काढले, आणि आत गेले. रविवारी असं झालं नव्हतं, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "झालं होतं. दोनदा. टेलिफोनमुळे कोणाला कळलं नाही."

ता. क. तीन. तुम्ही दोघं भांडलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "तू थांबतेस म्हणून मी थांबतो," असं बाबा म्हणाले. "दादा, तू थांबतोस म्हणून मी थांबते," असं तू म्हणालीस. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, म्हणून या आठवड्यात मी तुमच्या जुन्या कॅसेट काढल्या आणि मोजमाप केलं. एकोणीस कार्यक्रम, दोनशे सहा गाणी. ज्या ज्या जागी बाबा अडलेत, तिथे तुझं अकॉर्डियन एक सूर धरून उभं आहे: कधी अर्धा सेकंद, कधी साडेसहा. श्रोत्यांपैकी कोणी खोकलेलंसुद्धा नाही, कारण ते गाण्यातच आहे असं वाटतं. बरोबर तू होतीस. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? तिला सांग." हा माफीचा त्यांच्याकडचा सर्वांत मोठा आकार आहे, तो तसाच पाठवते आहे.

माझ्याकडचा वेगळा. तू दारात चपला घालताना मला विचारलंस, "ही फाइल तू केलीस ना?" आणि मी "नुसती चाचणी म्हणून" असं म्हणाले. चाचणी नव्हती. सहा आठवडे खपून केली होती, आणि ती चांगली झाली याचा मला आनंद झाला होता.

ता. क. चार. किती थांबायचं याचा नियम मला त्या दोनशे सहा गाण्यांत सापडला नाही. तुला माहीत असेल आणि लिहून पाठवता येण्यासारखा असेल, तर पाठव, मी भरते. लिहिता येण्यासारखा नसेल, तर तू ये. येतेस की नाही ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव. नाही असलं तरी कळव, म्हणजे मी बाबांना सांगेन. ते विचारत नाहीत, पण फोन वाजला की उठतात.