माशी की दुर्बीण

४ सप्टेंबर १९८७, शुक्रवार. कारखान्याला सुट्टी.
कुळगावला अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे गेलो. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूने गेलाच होता, आता दुसराही चालला. म्हणाले, गुरू, ठासणीच्या बंदुकीचा परवाना दुसऱ्याच्या नावावर करू. माझ्या की चुलतभाऊ नाथाच्या, ते खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली की सांगणार.
यात ठरवायचं काय आहे? मी एकुलता एक मुलगा, अंबरनाथला स्टोअर्स ऑफिसर. नाथा त्यांच्याजवळ राहतो, शेत बघतो, एवढंच. पण नाथाचा नेम चांगला, असं अण्णा दोनदा म्हणाले. दोनदा!
संकल्प: खंडेनवमीच्या आत नेम शिकणे.

७ सप्टेंबर
स्टोअर्सच्या कोटेशन फॉर्मवर तुलना केली. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा पितळी मणी: साधी, जुनी, अण्णांची लाडकी. दोन गुण. दुर्बीण: अचूक, मॉडर्न, लांबचं भेकर जवळ दिसतं. अकरा गुण. फॉर्म भरणारा मी, तपासणारा मी. सही केली.
भेकर मारायला बंदी आहे हे मला माहीत आहे. अण्णाही कित्येक वर्षं नुसता बार उडवतात, भातातली जनावरं पळावीत म्हणून. पण नेम धरायला तर बंदी नाही ना? परवान्यातही दुर्बीण लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

१५ सप्टेंबर
उल्हासनगर, कॅम्प ४. दुर्बीण घेतली. दुकानदार म्हणाला, साईं, मिलिटरी का माल है, हिरन की पलकें गिन लो. बंदुकीवर बसवायचं काम त्याच्या भावाच्या वर्कशॉपमध्ये.
नीलिमा म्हणाली, पितृपक्षात कोणी घरात नवी वस्तू आणतं का? म्हटलं, सेकंडहँड आहे. मग बोलली नाही. बायकोला लॉजिकने गप्प करता येतं, हे लक्षात ठेवणे.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
तेलपाणी करून आणतो म्हणून अण्णांकडे बंदूक मागितली. त्यांनी काही न विचारता दिली. चटईत गुंडाळून कॅम्प ४ला नेली. नळीला दोन पट्ट्या आवळून दुर्बीण बसली. रुबाबदार दिसते. फक्त माशी आड येते, काचेत खाली काळा डाग दिसतो. कारागीर म्हणाला, साब, उसको मत छेडो, पुरानी चीज है. त्याला काय कळतंय.

१९ सप्टेंबर
माशी निघाली. आता डाग नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.३०, शेतावर.
भेकर आलं! चाळीस पावलांवर, बांधावर. नाथा कानाशी म्हणाला, दादा, त्ये बग, म्होरंच हाय. दुर्बिणीत एक पान दिसलं. उत्तम पान, एकेक शीर मोजावी असं. जरा डावीकडे वळवली तर माती. उजवीकडे वळवली तर नाथाचा कान. नाथाने टाळी वाजवली आणि भेकर गेलं. माझा नेम जवळजवळ लागलाच होता.
मग फांदीला नारळ टांगून त्यावर बार टाकला. दुर्बीण मागे येऊन भुवईवर आदळली. रक्त. नारळ जागच्या जागी. नाथाने दारू जास्त ठासली असणार.
बंदूक पुसताना नाथाचा हात नळीच्या टोकाशी थांबला. दादा, माशी कुटं गेली? म्हटलं, वर्कशॉपवाल्याने काढली. तो म्हणाला, आता अन्ना काय करतील? त्यांना दिसत नाय, आंगठ्यानं माशी चाचपतात न् मंगच बार काढतात.
मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
दुर्बीण काढून घेतली. बंदूक नाथाकडे ठेवली.

२८ सप्टेंबर
ऑफिसात भुवईची पट्टी बघून सगळ्यांनी विचारलं. शिकारीत लागलं, म्हटलं. खोटं नाही.
नवी माशी बसवता येईल. उद्या कॅम्प ४ला नक्की.

२९ सप्टेंबर
स्टोअर्सचं ऑडिट. उद्या.

३० सप्टेंबर
वर्कशॉप बंद. अशा लोकांवर विसंबूच नये.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
नाथाने बंदूक लख्ख करून पाटावर मांडली होती. झेंडूची माळ त्याने नळीच्या टोकालाच दोन वेढे देऊन बांधली होती. का, ते मला कळलं.
अण्णांनी गंध लावलं. मग माळ बाजूला सारून अंगठा टोकापर्यंत नेला. मागे आणला. पुन्हा नेला. विचारलं, माशी कोणी काढली?
मी म्हटलं, आठवडाभर बंदूक नाथाकडे होती.
नाथाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, नवी बसवून आनतो, अन्ना.
अण्णांचा अंगठा तिथेच होता. म्हणाले, परवाना नाथाच्या नावावर करायचा. अर्ज गुरू लिहील, त्याचं अक्षर चांगलं आहे.
सरळसरळ अन्याय.

२ ऑक्टोबर, दसरा
नाथा सोनं द्यायला अंबरनाथला आला. वाकून पाया पडला. म्हणाला, अन्नांनी विचारलंय, भुवई कशी हाय. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. नीलिमाने त्याला जेवायला थांबवलं. मी डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिलो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
अर्ज लिहिला. जुन्या परवान्यात बंदुकीचं वर्णन आहे, पितळी माशीसह. ते बदलायचं तर कारण लिहावं लागणार. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, वापराने झिजली.
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितो. वर्कशॉपवाल्याने काढली नाही. नाथाने तर नाहीच. ऑडिटसाठी फाइल काढली तेव्हा त्यात माल दिल्याची स्लिप होती. तारीख १९ सप्टेंबर. कानस, धातू घासण्याची, बारीक, नग एक. देणार म्हणून सही माझी. घेणार म्हणूनही माझीच.