वन्संचं शिकरण

मुलुंड, २१ फेब्रुवारी १९८४

आले एकदाची सासरी. माप ओलांडून आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांत आधी काय पाहिलं असेल, तर मोरी! गिरगावात आमच्या चाळीत नळावर बादल्यांची रांग आणि सकाळची भांडणं. इथे घरातच नळ, घरातच संडास आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर. पाणी सोडलं की भिंतीतला पाइप जरा गुरगुरतो एवढंच. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. गॅलरीतून लांबवर मिठागरं दिसतात. मैत्रिणींना सांगितलं तर जळून खाक होतील.

ही डायरी यांच्या कंपनीची. यांचं नाव नंदकुमार. उखाण्यात घेऊन झालंय, आता इथे पुन्हा लिहायला लाज वाटते. पहिल्या पानावर मी ‘वसुधा’ असं माझं नवं नाव लिहून पाहिलं. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ते लिहिलं तेव्हा मला किती हलकं वाटलं, कोणाला सांगू? माहेरची शकु गिरगावात राहिली. तिचं जे काही होतं ते तिच्यापाशी.

घरात माणसं मोजकीच. हे, सासूबाई आणि यांची मोठी बहीण जयंती, म्हणजे माझ्या वन्सं. वन्संचं लग्न झालेलं नाही. अंगानं सुटल्या आहेत, चेहरा मात्र गोड. दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत भरतकाम करत बसतात. मला बघून म्हणाल्या, आता घास घशाखाली उतरेल. माझ्या स्वयंपाकाची कीर्ती मुलुंडपर्यंत पोचली म्हणून मी खूश झाले.

२८ फेब्रुवारी

कसली कीर्ती आणि कसलं काय. आज सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि तांदळाच्या डब्यामागून एक बाटली काढली. वन्संचं डोकं बरीच वर्षं फिरलेलं आहे म्हणाल्या. डॉक्टरांची गोळी रोज संध्याकाळी पोटात जायला हवी, पण बया हातावर ठेवलेली गोळी घेत नाही. आईनं काही वाढलं तर आधी हुंगते, मग कावळ्यांना टाकते. नव्या सुनेच्या हातचं मात्र खाईल. तेव्हा मी खलबत्त्यात वेलदोड्याबरोबर गोळी कुटायची आणि केळ्याच्या शिकरणात कालवायची.

मी विचारलं, मीच का? तशा त्या सरळ म्हणाल्या, “नाहीतर एवढ्या घाईनं सून कशाला आणली असती?”

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण मी कोणत्या तोंडानं रागावू? गोळी तळहातावर घेतली आणि ओळखली. पांढरी, मधोमध रेघ. माझ्या ट्रंकेत तळाशी अशाच गोळ्या आहेत, हिंगाच्या जुन्या डबीत भरलेल्या. सासरी हिंगाची डबी कोण उघडून बघतं, ही आईची अक्कल. अगदीच काही वाटलं तर घे, एरवी हात लावू नकोस, हेही तिनंच बजावलं. मला बघायला येणार होते तेव्हा पोह्यांच्या बश्यांचा ट्रे हातात थरथरला असता तर सगळं मोडलं असतं, म्हणून तिनं त्याआधीच बंद केल्या. तेव्हापासून हात कसे स्थिर आहेत. तोंडाला कोरड नाही. सकाळी उठावंसं वाटतं. मग कशाला घ्यायच्या?

९ मार्च

शिकरण रोज होतं. वन्सं वाटी बोटानं पुसून खातात. सासूबाई शेजारणीकडे माझं कौतुक करतात, सून गुणी मिळाली म्हणून.

आज दुपारी मी साळसूदपणे विचारलं, वन्सं, डॉक्टर औषध देतात ते का नाही घेत? रागावल्या नाहीत. म्हणाल्या, घेतलं की, वर्षभर निमूट घेतलं. सुईत दोरा जाईना. लाळ गळून पोलकी भिजायची. बघायला आलेल्या माणसानं त्यांच्यासमोरच विचारलं, मुलगी मंद आहे का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे टाकीतली बाई बोलेनाशी झाली. ती पाइपातून बोलते म्हणे, त्यांना लाडानं जयू म्हणते.

“बाबा गेल्यावर मला जयू म्हणणारं दुसरं कोण उरलंय गं?”

मी आणखी अर्धी वाटी वाढली. खात खात त्यांनी माझं माहेरचं नाव विचारलं, मी सांगून टाकलं.

२ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी कडुलिंबाचा पाला खाताना आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. वन्सं मात्र मजेत चावत होत्या. म्हणाल्या, हे बरं, कडू आहे ते सांगून तरी देतात. माझे कान तापले.

संध्याकाळी नुसता वेलदोडा कुटला. गोळी पदरात लपवली. औषध फेकवत नाही, म्हणून माझ्याच डबीत टाकली. त्या डबीचा हिंगाचा वास काही जात नाही, गोळ्यांनासुद्धा लागलाय. आता रोज हेच करायचं ठरवलंय. मी इतकी छान राहू शकते तर त्यांनी का राहू नये?

१३ एप्रिल

वन्सं गातात! माझ्यासाठी चोळीवर पोपट भरले, असे की आता उडतील. काल टीव्हीपुढे हे आणि वन्सं लहानपणच्या आठवणी काढून पोट धरून हसले. सासूबाई म्हणतात, सुनेच्या हाताचा गुण. मी मनातल्या मनात म्हटलं, हो, हाताचाच.

मलाही झोप फारशी लागत नाही, पण थकवा म्हणून नाही. आज सगळी पितळेची भांडी घासली, मग पुन्हा एकदा घासली.

२१ एप्रिल

वन्सं अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. भरतकाम चालूच असतं. आज जवळ जाऊन पाहिलं तर सुईत दोराच नव्हता.

मोरीत पाणी सोडलं आणि पाइपातून कोणीतरी स्पष्ट ‘शकु’ म्हणालं. वन्संनीच हाक मारली असणार, दुसऱ्या कोणाला त्या नावाचं काय पडलंय? पण वन्सं गॅलरीत होत्या.

२४ एप्रिल

वाट लागली.

सकाळी वन्संनी उकळता चहा सासूबाईंच्या पायांवर ओतला. शांतपणे, चहा गाळावा तसा. टाकीतल्या बाईनं सांगितलं म्हणाल्या. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. सासूबाई पाय बादलीत बुडवून ओरडत होत्या, गोळी चुकलेली नाही, सून रोज स्वतःच्या हातानं शिकरणात घालते! वन्संचे डोळे मिटत आले होते. ते उघडले आणि माझ्यावर थांबले.

मी घाबरून काहीतरी बोलत सुटले. डॉक्टरांना म्हटलं, ही गोळी बंद केली की आधी महिना-दोन महिने झकास वाटतं हो, नंतर—

सासूबाईंचं विव्हळणं थांबलं. “तुला कसं गं ठाऊक?”

२६ एप्रिल

हे गिरगावला जाऊन आले. आईनं रडत रडत सगळं सांगितलं.

फसवणूक केली म्हणतात. मी म्हटलं, आणि तुम्ही? बहिणीचं सांगितलं होतंत? त्यावर सासूबाई म्हणाल्या, बघ, कशी उलटून बोलते, हेच ते लक्षण. आता मी काहीही बोलले तरी लक्षणच.

हे म्हणाले, गोळी घे, नाहीतर ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात. इथून पुढचंच स्टेशन. मी सांगितलं, ते शकुला होतं, वसुधाला काही नाही. यांनी कपाळाला हात लावला.

एक गोळी घेतली की गॅलरीत दुसरी खुर्ची मांडतील. मला तिथे बसायचं नाही. मला भीती वाटते त्या खुर्चीची.

३० एप्रिल

वन्सं इंजेक्शननं निवल्या आहेत. पदरानं तोंड पुसत बसतात. सासूबाईंनी खलबत्ता त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, “आता तू घाल हिला.”

संध्याकाळी माझ्यासमोर वाटी आली. मी हात लावला नाही. हुंगली आणि कावळ्यांना टाकली.

फक्त स्वतः सोललेली केळी खाते.

२ मे

केळी कपाटात, कुलपात. भूक. पाइप दिवसभर बोलतो, पाणी नसलं तरी. मी यांना सांगायला नको होतं, सांगितलं.

वन्सं माझ्या ट्रंकेत हात घालून काही शोधत होत्या. दोरा हवा होता म्हणे.

४ मे, संध्याकाळ

रिक्षा खाली उभी आहे. यांनी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, शहाणी माणसं पुढ्यातलं मुकाट्यानं खातात. ही वाटी सगळ्यांदेखत संपव, रिक्षा परत पाठवू.

मी शहाणी आहे.

संपवली. साखर फार होती, घशात बसेल इतकी. खाली गाळ. वन्सं शेजारी उभ्या, हातात माझ्यासाठी पाणी. शेवटचा चमचा तोंडात गेला आणि वास आला. हिंगाचा. शिकरणात हिंग कोण घाल—

ट्रंक उघडली. डबी रिकामी. माझ्या सगळ्या— त्यांच्या सगळ्या—

यांना सांगितलं. पाया पडले. हे हसले, किती दिवसांनी. खाली ओरडून रिक्षा परत पाठवली. म्हणाले, घेतलंस की नाही शेवटी? आता उद्यापासून असलं काहीबाही बोलायचं नाही. सासूबाईंनी बाहेरून कडी घातली, वन्संना माझ्यापाशी बसवून.

जीभ जड. ओळ खाली खाली जाते—

वन्संना विचारलं, का? म्हणाल्या, “सांगून दिलं असतं तर खाल्लं असतंस?”

माझं डोकं मांडीवर घेतलंय. केसांतून बोटं फिरवतायत. बोटं थरथरतात. पाइप गप्प झालाय. आता हाक मारतायत त्या वन्संच, एवढ्या लाडानं या घरात मला कोणी— शकु म्हणतात, शकु, लिहू नकोस, झोप आता, मी तुझ्या