मैनाला वळण लावताना

९ फेब्रुवारी १९९३, पेण

चावली! डाव्या मनगटावर दात उठलेत. सहा वर्षांची पोर की कुत्री?

सकाळी कारखान्यात गेलो तर चार गणपतींच्या सोंडा जमिनीवर. रंग देऊन, डोळे आखून तयार झालेल्या मूर्ती! कच्च्या असत्या तर भिजवून पुन्हा माती केली असती. रंगवलेल्यांचं काय करू? मैना फळीखाली बसून माझ्याकडंच बघत होती. एक ठेवून दिली. तर ही!

आई उलट माझ्यावरच — "हात मोडो तुझा! आई नाय तिला." वहिनी दिवाळीत गेली, मान्य. म्हणून सोंडा तोडायच्या? आणि बाप कुठं आहे? दिनानाथदादा रोह्याला कंपनीत. रातपाळी करून येतो, जेवतो, झोपतो. पोरगी माझ्या गळ्यात. का? तर मी कॉलेज सोडून आलोय. सर भर वर्गात म्हणाले, "तू आपला मातीच मळ." मी कॉलर धरली. आता मातीच मळतोय, वर दादाच्या पोरीची आया!

१३ फेब्रुवारी

सरू आली होती.

आमच्याच आळीतली. गडबला बालवाडी शिकवते, संध्याकाळच्या एसटीनं परत येते. माझा आरडाओरडा रस्त्यावर ऐकू गेला म्हणून आत आली. मैना तिच्यावर थुंकली. सरूनं पदरानं पुसलं, खाली बसली आणि मातीचा गोळा मळायला लागली. पोरीला काही नाही, मलाच म्हणते, "रघू, आधी तुझा आवाज खाली आण. तिच्यापेक्षा जास्त आदळआपट तुझीच चाललीय."

दुसरं कुणी असतं तर हाकलून दिलं असतं.

मग म्हणाली, "ती सगळे नाय मोडत रे. तू डोळे काढलेलेच मोडते."

खरंच की! डोळे काढायचं काम वहिनीचं. तिचा हात अख्ख्या पेणला माहीत. ती गेल्यावर कुंचला मी घेतला. वहिनीच्या हातच्या शेवटच्या तीन मूर्ती वरच्या फळीवर आहेत, त्यांना मैनानं बोट लावलेलं नाही. रोज तिथूनच जातो मी. दिसलं नव्हतं.

सरूनं सांगितलेलं — मारायचं नाही. ती आदळआपट करेल तेव्हा तिच्याकडं बघायचं नाही. थांबली की लगेच बघायचं, शाबास म्हणायचं. आणि एकदा सांगितलेलं फिरवायचं नाही.

कॉलेजात कधी एवढ्या नोट्स घेतल्या नाहीत.

दहावीपासून तिच्या मागे आहे मी. तिला ठाऊक नसेल. ठाऊक असेल तर तिनं बोलावं. मी का बोलू?

२१ फेब्रुवारी

ताट भिरकावलं. भात माझ्या पाठीवर! वळलो नाही. मुठी आवळून भिंतीकडं बघत उभा राहिलो. हात असा शिवशिवत होता की भिंतीलाच ठोसा मारावा. पाचेक मिनिटं किंचाळली, मग गप्प. वळून म्हटलं, "शाबास."

"तू बघतच नव्हतास!" म्हणते. आणि हसली. महिनोन् महिन्यांनी.

७ मार्च

पंधरा दिवसांत एकही मूर्ती मोडली नाही. मी डोळे काढतो, ती शेजारी बसून तिच्या मातीच्या उंदराला डोळे काढते. चार-चार काढते. काढू देतो.

सरू रोज येते. आज म्हणाली, "जमलं की रे तुला!" जेवण गेलं नाही.

आई — "इस्त्रीचा शर्ट कुणाला दाखवतोस रे? गणपतीला?"

१६ मार्च

दादाची दिवसपाळी लागली. संध्याकाळी घरी असतो. सरू येते तेव्हाही.

२५ मार्च

आईनं सरूच्या घरी शब्द टाकला. दादासाठी!

"मैना तिचं ऐकते. दुसरं काय बघायचं?"

तिचं ऐकते? भात कुणाच्या पाठीवर पडला? दात कुणाच्या हातावर आहेत? पोरगी माणसात आणली मी, आणि बायको मिळणार दादाला! त्याला साधं पोरीजवळ बसता येत नाही. मला विचारतो, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "मला काय वाटायचंय?" आणि साचा आपटला. फुटला. फुटू दे.

सरूचं उत्तर आलं — मैना व्हय म्हणाली तरच. ४ एप्रिलला, रविवारी, आई-बापाला घेऊन येणार आहे.

मैनाला विचारणार. बरं!

२८ मार्च

मैनाला धरमतरच्या खाडीवर नेलं, मालाच्या बार्ज दाखवायला. धक्क्यावर बसवून सांगितलं, "सरू कायमची आली ना, की तुझ्या आईचे ते तीन गणपती विकून टाकणार."

 मग म्हणाली, "मग?"

"मग ती पुढच्या रविवारी आली की चाव."

"तू रागवशील."

"नाय रागवणार. शाबास म्हणेन."

सरूनंच शिकवलंय — एकदा सांगितलेलं फिरवायचं नाही.

४ एप्रिल, रविवार

चावली. सरूनं जवळ घ्यायला हात पुढे केला, त्या हाताचाच लचका. रक्त आलं. सरू ओरडली नाही. तिचा बाप ओरडला — "ह्या घरात देऊ व्हय पोरगी?"

दादा उठला आणि त्यानं मैनाला मारलं. आजवर बोट लावलं नव्हतं त्यानं. दोनदा मारलं. फळीवर आदळली ती. कपाळ फुटलं.

रडली नाही. दादाकडं बघितलं नाही, सरूकडं नाही. माझ्याकडं बघत राहिली. वाट बघत होती.

मी खाली बघितलं.

५ एप्रिल

दादा म्हणतो, जूनला रोह्याच्या वसतिगृहात टाकतो, तिथले मास्तर सरळ करतील. आई रडतेय. मैना आज कुणाशी बोलली नाही. मी डोळे काढायला बसलो तर उठून गेली.

झालं ना माझ्या मनासारखं? झालं! मग कुंचला का धरवत नाही?

११ एप्रिल

मैनाच्या 'व्हय'ची वाट न बघता सरूनं होकार दिला. मैनानं माझं नाव सांगितलेलं नाही — पण चावल्यावर ती कुणाकडं बघत होती, ते सरूनं बघितलं होतं. अट एकच घातली तिनं. मैना कुठंही जाणार नाही. जायचं ते मी.